कंपनी बुडाली, बंदरातील माल कोणाचा?

न्हावा शेवा, खास प्रतिनिधी

न्हावा शेवाच्या बंदरात उतरलेला कंटेनर काही दिवसांत आयातदाराच्या कारखान्याकडे रवाना व्हावा, अशी अपेक्षा असते. परंतु ज्या कंपनीच्या नावाने तो आला, तीच कंपनी कर्जाच्या ओझ्याखाली बंद पडली तर कंटेनर जागच्या जागी उभा राहतो. सीमाशुल्क भरायला कोणी येत नाही, जागेचे भाडे दिवसागणिक चढत जाते आणि आतील मालाची किंमत मात्र उतरत जाते. अशा मालावर एकाच वेळी अनेकांचा हक्क सांगितला जातो. सीमाशुल्क विभागाला शुल्क हवे असते, कंटेनर फ्रेट स्टेशनला भाडे हवे असते, बँकेला कर्जाची वसुली हवी असते, पैसे न मिळालेल्या परदेशी विक्रेत्याला माल परत हवा असतो आणि बंद कारखान्यातील कामगारांना थकलेला पगार हवा असतो.

हा माल कोणाच्या हवाली करायचा आणि त्याच्या विक्रीतून आलेला पैसा कोणत्या क्रमाने वाटायचा, हे ठरविण्याचा अधिकार आता राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे, म्हणजेच एनसीएलटीकडे आहे. नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ या कायद्याने तो दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने २६ ऑगस्ट २०२२ रोजी एबीजी शिपयार्ड प्रकरणात दिलेल्या निकालाने सीमाशुल्काच्या बाबतीत तो स्पष्ट केला. हा अधिकार मोठा असला तरी अमर्याद नाही. जी मालमत्ता कंपनीची आहे ती कोणाच्याही गोदामातून बाहेर काढण्याचे सामर्थ्य न्यायाधिकरणाला आहे; जी कंपनीची कधी नव्हतीच ती मिळवून देण्याचे मात्र नाही.

एका मालासाठी दोन कायदे

पनवेल व उरण तालुक्यांच्या किनाऱ्यावरील न्हावा आणि शेवा या गावांच्या नावांनी ओळखले जाणारे जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. देशातील कंटेनर वाहतुकीचे ते एक प्रमुख केंद्र आहे. जहाजातून उतरलेला सगळाच माल बंदराच्या आवारात राहत नाही. तो आसपासच्या कंटेनर फ्रेट स्टेशनांत, म्हणजे सीएफएसमध्ये, किंवा बाँडेड गोदामांत हलविला जातो. बाँडेड गोदामात शुल्क न भरता माल ठेवता येतो. तेथून तो देशांतर्गत वापरासाठी बाहेर काढताना शुल्क भरावे लागते. तोपर्यंत माल आयातदाराचा असला तरी किल्ली एका अर्थाने सीमाशुल्क विभागाच्या हाती असते.

सीमाशुल्क कायदा, १९६२ याने विभागाला या मालाबाबत भक्कम अधिकार दिले आहेत. उतरविलेला माल ३० दिवसांत सोडवून नेला नाही, तर कलम ४८ नुसार आयातदाराला नोटीस देऊन आणि सीमाशुल्क अधिकाऱ्याची परवानगी घेऊन तो विकता येतो. बाँडेड गोदामातील मुदत उलटली तर कलम ७२ नुसार शुल्क, व्याज व दंडाची मागणी करता येते आणि रक्कम न भरल्यास माल विकता येतो. विक्रीच्या पैशाचा क्रम कलम १५० मध्ये आहे. आधी विक्रीचा खर्च, मग वाहतूकदाराचे देणे, त्यानंतर सीमाशुल्क, मग माल सांभाळणाऱ्याचे भाडे, नंतर केंद्र सरकारची इतर येणी आणि उरलेच तर मालकाला.

नादारी व दिवाळखोरी संहितेची रांग वेगळी आहे. कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत दाखल होताच कलम १४ नुसार तिच्याविरुद्धच्या दाव्यांना व वसुलीला स्थगिती मिळते. इंग्रजीतील ‘मोरेटोरियम’ तो हाच. कंपनीला वाचविणारा खरेदीदार मिळाला नाही आणि तिचे अवसायन, म्हणजे मालमत्ता विकून कारभार गुंडाळणे, सुरू झाले, तर कलम ३३(५) नुसार तिच्याविरुद्ध कोणतीही कायदेशीर कारवाई सुरू करता येत नाही. अवसायक कंपनीची मालमत्ता ताब्यात घेतो, विकतो आणि आलेला पैसा कलम ५३ च्या क्रमाने वाटतो.

त्या क्रमात प्रथम प्रक्रियेचा खर्च येतो. दुसऱ्या क्रमांकावर कामगारांची आधीच्या २४ महिन्यांची देणी आणि आपले तारण सामाईक मालमत्तेत सोडून देणारे सुरक्षित धनको हे बरोबरीने असतात. तिसऱ्या क्रमांकावर इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांचे पगार आणि चौथ्यावर विनातारण कर्ज देणारे वित्तीय धनको येतात. सरकारची दोन वर्षांची येणी पाचव्या क्रमांकावर आहेत. त्यानंतर उरलेली देणी आणि शेवटी भागधारक.

रांग बदलली की काय बदलते?

क्रमाचा हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. एका काल्पनिक उदाहरणावरून त्याचे गांभीर्य लक्षात येईल. समजा, तळोजा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याने परदेशातून यंत्र मागविले. यंत्राचे पैसे चुकते झाले, कागदपत्रे कंपनीच्या नावे झाली. पण शुल्क भरण्याआधीच कंपनी बुडाली आणि तिचे अवसायन सुरू झाले. यंत्र १ कोटी रुपयांना विकले गेले. विक्रीचा खर्च ५ लाख, सीमाशुल्क व व्याज ४० लाख आणि सीएफएसचे थकलेले भाडे २५ लाख आहे. कामगारांचे १ कोटी आणि तारणधारक बँकेचे ९ कोटी येणे आहे. कंपनीची अन्य मालमत्ता आणि प्रक्रियेचा इतर खर्च क्षणभर बाजूला ठेवू.

सीमाशुल्क कायद्याच्या रांगेने गेल्यास खर्च, शुल्क आणि भाडे मिळून ७० लाख आधीच वजा होतील. उरलेल्या ३० लाखांत कामगारांच्या वाट्याला ३ लाख आणि बँकेच्या वाट्याला २७ लाख येतील. संहितेच्या रांगेने गेल्यास केवळ ५ लाखांचा खर्च आधी वजा होईल. उरलेल्या ९५ लाखांत कामगारांना साडेनऊ लाख आणि बँकेला साडेपंच्याऐंशी लाख मिळतील. सीमाशुल्क विभागापर्यंत रांग पोहोचणारच नाही. माल तोच आणि किंमतही तीच. परंतु कोणत्या कायद्याखाली तो विकला गेला यावर कामगारांचा वाटा तिपटीहून अधिक बदलतो. भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन निधी व ग्रॅच्युइटी निधीतील कामगारांची रक्कम तर संहितेच्या कलम ३६ नुसार या वाटपाच्या बाहेरच राहते.

या उदाहरणाची दुसरी बाजूही आहे. यात सरकारी तिजोरीचे ४० लाख बुडतात आणि माल सांभाळणाऱ्या सीएफएस चालकाचे २५ लाख अडकतात. अवसायन सुरू झाल्यानंतर माल जतन करण्यासाठी झालेला आवश्यक खर्च प्रक्रियेच्या खर्चात धरण्याची मागणी त्याला करता येते. आधीच्या थकबाकीसाठी मात्र दावाच दाखल करावा लागतो. भारतीय करार कायद्यातील धारणाधिकाराचा, म्हणजे आपले पैसे मिळेपर्यंत माल अडवून ठेवण्याच्या हक्काचा, आधार तो घेऊ शकतो. तो कितपत टिकेल, हे त्याचा करारनामा काय म्हणतो यावर अवलंबून राहते.

एबीजी शिपयार्डचा निकाल

या दोन रांगांचा संघर्ष एबीजी शिपयार्ड या जहाजबांधणी कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. रिझर्व्ह बँकेने जून २०१७ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईसाठी निवडलेल्या १२ मोठ्या थकीत खात्यांत ही कंपनी होती. बँकांच्या २२,८४२ कोटी रुपयांच्या कथित फसवणुकीबद्दल केंद्रीय अन्वेषण विभागाने फेब्रुवारी २०२२ मध्ये गुन्हा नोंदविल्यावर तिचे नाव घरोघरी पोहोचले. मालाचा वाद त्याहून जुना होता.

जहाजे बांधून निर्यात करण्यासाठी कंपनी परदेशातून साहित्य आणत असे. त्यातील काही माल गुजरातमधील बाँडेड गोदामांत आणि काही महाराष्ट्रातील सीएफएसमध्ये पडून होता. १ ऑगस्ट २०१७ रोजी न्यायाधिकरणाने कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली. त्याच महिन्यात निराकरण व्यावसायिकाने सीमाशुल्क विभागाकडे मालाचा ताबा मागितला. कंपनीला वाचविण्याचा मार्ग न निघाल्याने २५ एप्रिल २०१९ रोजी अवसायनाचा आदेश झाला. अवसायक सुंदरेश भट यांनी माल सोडविण्यासाठी न्यायाधिकरणाकडे धाव घेतली आणि अहमदाबाद खंडपीठाने २५ फेब्रुवारी २०२० रोजी त्यांच्या बाजूने निर्णय दिला. अपिलीय न्यायाधिकरणाने २२ नोव्हेंबर २०२१ रोजी तो फिरविला. दीर्घकाळ न सोडविलेल्या मालावर कंपनीचा हक्क उरलेला नाही, असा सीमाशुल्क विभागाच्या बाजूचा सूर त्या निर्णयात होता.

तत्कालीन सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा, न्या. जे. के. माहेश्वरी आणि न्या. हिमा कोहली यांच्या खंडपीठाने अपिलीय न्यायाधिकरणाचा निर्णय रद्द केला. निकालाचा गाभा असा : स्थगिती लागू झाल्यानंतर सीमाशुल्क विभागाचा अधिकार शुल्काची आकारणी करण्यापुरता, म्हणजे किती रक्कम येणे आहे हे ठरविण्यापुरता उरतो. ती वसूल करण्यासाठी माल विकणे किंवा जप्त करणे विभागाला शक्य नाही. ठरलेल्या रकमेचा दावा इतर धनकोंप्रमाणे संहितेच्या प्रक्रियेत दाखल करावा लागेल. आकारणी चुकीची वाटल्यास निराकरण व्यावसायिक वा अवसायक तिला आव्हान देऊ शकतो. माल मात्र तो ताबडतोब आपल्या ताब्यात घेऊ शकतो.

या निकालासाठी न्यायालयाला सीमाशुल्क कायद्यातच आधार मिळाला. या कायद्याचे कलम १४२-अ हे शुल्काच्या थकबाकीला थकबाकीदाराच्या मालमत्तेवर पहिला बोजा देते. परंतु त्याच कलमात नादारी व दिवाळखोरी संहितेतील तरतुदींचा अपवाद केलेला आहे. शिवाय संहितेच्या कलम २३८ नुसार अन्य कायद्याशी विसंगती आल्यास संहिताच वरचढ ठरते.

आकारणी आणि वसुली यांत भेद करणारे तत्त्वही नवे नव्हते. मुंबईच्या कुलाबा लँड अँड मिल्स या अवसायनातील कंपनीच्या प्राप्तिकराबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये कोंडसकर विरुद्ध देशपांडे या प्रकरणात हाच भेद केला होता. कर किती हे प्राप्तिकर अधिकाऱ्याने ठरवावे, त्याची वसुली मात्र अवसायन चालविणाऱ्या न्यायालयाच्या देखरेखीखाली व्हावी, असे ते सूत्र. पन्नास वर्षांनी तेच सीमाशुल्काला लागू झाले.

माल कंपनीचाच आहे का?

माल सोडविण्याचा आदेश मिळण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते आणि बंदरात ते नेहमी सोपे नसते. कंटेनरवर कंपनीचे नाव आहे म्हणून आतील माल कंपनीचा ठरत नाही. बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती, कोणाच्या हातात आहे, पैसे चुकते झाले आहेत का आणि करारानुसार मालकी कोणत्या टप्प्यावर हस्तांतरित व्हायची होती, हे पाहावे लागते. जहाज समुद्रात असतानाच माल तिसऱ्याला विकला गेला असेल, तर मालक वेगळाच असतो.

पैसे न मिळालेल्या विक्रेत्यालाही वस्तू विक्री कायदा, १९३० याने एक संरक्षण दिले आहे. खरेदीदार नादार झाला आणि माल अद्याप वाटेतच असेल, तर विक्रेता तो थांबवून परत ताब्यात घेऊ शकतो. खरेदीदाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने माल स्वीकारला की हा हक्क संपतो. भाड्याने आणलेली यंत्रे, दुरुस्तीसाठी आलेले सुटे भाग, केवळ सांभाळण्यासाठी सोपविलेला माल या वस्तू कंपनीच्या ताब्यात असल्या तरी तिच्या मालमत्तेत धरल्या जात नाहीत. संहितेच्या कलम १८ आणि ३६ मध्ये तसे स्पष्ट म्हटले आहे.

गेलेली मालमत्ता परत आणण्याचा अधिकार

अडचणीत आलेल्या कंपनीचे चालक अनेकदा बुडण्यापूर्वीच मालमत्ता हलवितात. एखाद्या नातलगाच्या कंपनीला गोदाम कमी किमतीत विकले जाते किंवा एकाच धनकोला झुकते माप देऊन जमीन गहाण टाकली जाते. अशा व्यवहारांची चौकशी करण्याचा आणि ते रद्द करण्याचा अधिकार संहितेच्या कलम ४३ ते ५१ मध्ये आहे, तर फसवणुकीच्या हेतूने केलेल्या कारभाराबद्दल कलम ६६ आहे. एखाद्याला झुकते माप देणाऱ्या व्यवहारांसाठी प्रक्रिया सुरू होण्याआधीचे एक वर्ष आणि संबंधित व्यक्तींच्या बाबतीत दोन वर्षे तपासली जातात. कलम ४४ नुसार न्यायाधिकरण अशी मालमत्ता पुन्हा कंपनीच्या नावे करण्याचा आदेश देऊ शकते.

उत्तर प्रदेशातील जेपी इन्फ्राटेकच्या प्रकरणात या अधिकाराचा मोठा वापर झाला. या कंपनीची ७५८ एकर जमीन तिच्या मूळ कंपनीच्या कर्जासाठी बँकांकडे गहाण टाकण्यात आली होती. सर्वोच्च न्यायालयाने २६ फेब्रुवारी २०२० रोजी हे व्यवहार झुकते माप देणारे ठरविले. घरांसाठी पैसे भरून बसलेल्या हजारो ग्राहकांच्या दृष्टीने ती जमीन कंपनीकडे राहणे महत्त्वाचे होते.

जमिनीपाशी हात आखडतो

मालाच्या बाबतीत न्यायाधिकरणाचा हात लांबवर पोहोचतो. सार्वजनिक जमिनीपाशी मात्र तो आखडतो. बंदर परिसरातील अनेक गोदामांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे, कारण येथील भूखंड मोठ्या प्रमाणावर सिडको किंवा बंदर प्राधिकरणाकडून भाडेपट्ट्याने घेतलेले असतात. कंपनी बुडाली तर इमारत, यंत्रसामग्री आणि भाडेपट्ट्यातील तिचा उरलेला हक्क विकता येतो. जमिनीची मालकी तिच्याकडे नसतेच आणि हस्तांतरणासाठी भाडेपट्ट्यातील अटी व परवानगी यांचा प्रश्न येतो.

मुंबईतील मरोळच्या सेव्हन हिल्स रुग्णालयाचे प्रकरण हेच सांगते. महापालिकेच्या जमिनीवर उभारलेल्या या रुग्णालयाची कंपनी दिवाळखोरीत गेली. नव्या गुंतवणूकदाराचा आराखडा न्यायाधिकरणाने मंजूर केला, परंतु त्यात महापालिकेच्या जमिनीतील हक्कांनाही हात घातला होता. १५ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही मंजुरी रद्द केली. महापालिकेच्या मालमत्तेची विल्हेवाट मुंबई महापालिका कायद्यात सांगितलेल्या पद्धतीने, महापालिकेच्या संमतीनेच होऊ शकते, असे न्यायालयाने स्पष्ट केले. त्यानंतर काही दिवसांनी, ३ डिसेंबर २०१९ रोजी, कर्नाटकातील एका खाणपट्ट्याच्या प्रकरणातही न्यायालयाने असाच निर्णय दिला. खाणपट्टा वाढवून द्यायचा की नाही हा सरकारचा सार्वजनिक कायद्याखालील निर्णय असून, तसा करार करून देण्याचा आदेश न्यायाधिकरण सरकारला देऊ शकत नाही, असे त्यात म्हटले होते.

याचा अर्थ जमीनमालक संस्थेने स्थगितीच्या काळात कंपनीला हुसकावून लावावे, असा मात्र नव्हे. गोरेगावच्या सिद्धार्थनगर, म्हणजेच पत्रा चाळ पुनर्विकासाच्या प्रकरणात विकासक कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेल्यानंतर म्हाडाने करार संपुष्टात आणून जागेचा ताबा मागितला होता. १९ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हाडाच्या विरोधात निर्णय दिला. जागेवर कंपनीचा प्रत्यक्ष वावर असेल तर ती मालक नसली तरी कलम १४(१)(ड) चे संरक्षण तिला मिळते, हे त्यामागील कारण होते. चाळीतील ६७२ कुटुंबांच्या लांबलेल्या प्रतीक्षेची आठवण ठेवली, तर या संरक्षणाची किंमत कधी कधी तिसऱ्यालाच मोजावी लागते, हेही दिसते.

थोडक्यात, स्थगितीमुळे आहे ती स्थिती टिकते. नवा हक्क मात्र निर्माण होत नाही.

सरकार सुरक्षित धनको आहे का?

एबीजीच्या निकालानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, ६ सप्टेंबर २०२२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने रेनबो पेपर्स प्रकरणात वेगळ्या वळणाचा निकाल दिला. गुजरातच्या मूल्यवर्धित कर कायद्याने थकबाकीदाराच्या मालमत्तेवर राज्य सरकारचा पहिला बोजा निर्माण केला असल्याने राज्य सरकार हे सुरक्षित धनको ठरते, असे त्यात म्हटले गेले. तसे असेल तर सरकार पाचव्या क्रमांकावरून थेट दुसऱ्यावर, कामगार आणि बँकांच्या बरोबरीला येते. १७ जुलै २०२३ रोजी रामन इस्पात प्रकरणात न्यायालयाने रेनबो पेपर्सचा निकाल त्या प्रकरणातील वस्तुस्थितीपुरता मर्यादित असल्याचे म्हटले. संहिता सरकारच्या येण्यांना मुद्दाम खालचे स्थान देते, याकडे त्या निकालाने लक्ष वेधले. पुढे १२ ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत मांडण्यात आलेल्या संहितेच्या सुधारणा विधेयकात, सुरक्षित हक्क हा पक्षांमधील करारातूनच निर्माण होतो, केवळ कायद्याच्या बळावर नव्हे, असे स्पष्टीकरण समाविष्ट करण्यात आले.

आदेश कसा अमलात येतो?

न्यायाधिकरणाचा आदेश कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ४२४ नुसार दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे अमलात आणता येतो. प्रक्रियेशी निगडित असलेला, मालकीचा वा अग्रक्रमाचा कोणताही प्रश्न कलम ६०(५) खाली त्याच्यापुढेच मांडावा लागतो. संहितेखालील अशा बाबींत दिवाणी न्यायालयाचा रस्ता बंद आहे. निर्णय मान्य नसल्यास ३० दिवसांत अपिलीय न्यायाधिकरणाकडे आणि तेथून कायद्याच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाकडे जाता येते. एबीजीच्या मालाचा ताबा मागितल्यापासून शेवटचा निकाल लागेपर्यंत पाच वर्षे गेली. गोदामातील माल एवढा काळ आपली किंमत टिकवून धरत नाही.

म्हणून या व्यवस्थेत वेळेला सर्वाधिक महत्त्व आहे. कंपनी प्रक्रियेत दाखल झाल्याची जाहीर सूचना प्रसिद्ध होताच सीएफएस चालक, वाहतूकदार, कस्टम हाऊस एजंट, पुरवठादार आणि कामगार या सर्वांनी आपापले दावे ठरलेल्या मुदतीत, कागदपत्रांसह दाखल करणे आवश्यक असते. माल आपला आहे असे ज्याचे म्हणणे आहे, त्याने तो विकला जाण्यापूर्वी मालकीचे पुरावे मांडावेत. कंपनीच्या मालमत्तेच्या लिलावात बोली लावणाऱ्याने जमीन कोणाची, भाडेपट्टा किती वर्षांचा आणि हस्तांतरणाला कोणाची संमती लागेल, हे आधी तपासावे. गोदामाचे दार उघडण्याचा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते. मात्र मुदतीत दावाच न करणाऱ्याची येणी रांगेत आणून बसविण्याची जबाबदारी त्याची नाही.